खाजकुइली, सर्पगंधा आणि मात्रेचा प्रश्न

कंपवाताने जखडलेले शरीर पुन्हा हलते करणारे लेव्होडोपा १९६०च्या दशकात सापडले, असे सरसकट सांगितले जाते. रेणू मात्र कितीतरी आधी हाताशी होता. बाझेलच्या हॉफमन-ला रोशमध्ये मार्कस गुगेनहाइम यांनी १९१३ सालीच तो बाकल्यापासून वेगळा केला. स्वतः अडीच ग्रॅम घेऊन पाहिला आणि ओकाऱ्यांनी हैराण झाले. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तोच रेणू खाजकुइलीच्या बियांतून काढला. तरीही पुढची कितीतरी वर्षे कंपवाताच्या रुग्णाला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. कारण त्याच्या मेंदूत नेमके काय कमी पडते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. माझ्या मते लेव्होडोपाचा खरा इतिहास हा या प्रश्नाचा आणि त्यानंतर मात्रेचा इतिहास आहे.

प्रश्न उभा राहिला तो दुसऱ्याच वनस्पतीमुळे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली कंपवातासारख्याच मंदावू लागल्या. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित झाले. मग डोपा टोचताच काही वेळात ते उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतले डोपामिन रिते झाले होते आणि डोपाने ते पुन्हा भरले होते. व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविझ यांनी १९६० साली कंपवाताने दगावलेल्यांच्या मेंदूत हीच उणीव दाखवली. वर्षभरात बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिले, तेव्हा उठता न येणारे उठून बसले. पण हा परिणाम काही तासच टिके आणि इतर अनेकांना तेवढाही दिसेना, त्यामुळे शंका वाढल्या. १९६७ साली न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवनला जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, अगदी हळूहळू वाढवत, दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत डोपा दिला आणि सुधारणा टिकली. गुगेनहाइमना ओकाऱ्या का झाल्या, तेही उलगडले होते: बराचसा डोपा मेंदूत पोचण्याआधीच शरीरात डोपामिन होऊन जातो. पुढे जोडीला कार्बिडोपा आले, ती वाटेतली गळती थांबली आणि मात्रा कितीतरी उतरली.

यावर आपल्याकडचा आक्षेप ठरलेला: हे सारे आयुर्वेदाला आधीच ठाऊक होते. कपिकच्छू म्हणजे खाजकुइली ग्रंथांत आहे, हे खरेच. पण तिथे तिची मुख्य ओळख बल्य आणि वृष्य अशी आहे. वाताच्या विकारांतही ती वापरली जाते, म्हणून डोपामिनची उणीव कळली होती असे म्हणता येत नाही. उलट टोकाचा, ही जुनी वनस्पती निरुपयोगी म्हणून झटकून टाकण्याचा पवित्राही तितकाच चुकीचा. मुंबईच्या डॉक्टरांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांना खाजकुइली देऊन केलेले काम प्रसिद्ध केले. लंडनमधल्या २००४च्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा असर सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत. रुग्ण होते अवघे आठ. शिवाय लेव्होडोपाचे प्रमाण बियाण्यागणिक बदलते. अंगावर सोनेरी लव घेऊन वेलीवर लटकणाऱ्या दोन शेंगा सारख्याच दिसल्या, तरी दोन्हींतून मिळणारी मात्रा एकच असेल याची खात्री नाही. आणि अर्ध्या गोळीच्या फरकाने पावले अडखळणाऱ्या रुग्णासाठी हा फरक फार मोठा आहे.