आडात किती, पोहऱ्यात किती



जगातील खनिज तेलाच्या उत्पादनाने आपले शिखर गाठले काय, हा आजचा प्रश्न आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. तेलाचा पेच मात्र निराळा आहे. आडात पुष्कळ शिल्लक असतानाच पोहरा पूर्वीइतका भरून येईनासा होतो. जेथून रोजचे उत्पादन उतरू लागते, ते शिखर.

किंग हबर्ट हा अमेरिकन भूवैज्ञानिक शेल कंपनीच्या नोकरीत होता. अमेरिकेचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखरास पोहोचेल, असे त्याने १९५६ साली सॅन अँटोनिओ येथे सांगितले. धंद्यातील पुष्कळांनी ते मानले नाही. १९७० साली उत्पादन रोज सुमारे ९६ लाख पिंपांवर गेले आणि तेथून उतरू लागले.

त्या वर्षी कोणास फारसे जाणवले नाही. परंतु गोदामात शिल्लक माल असलेला मालक संप लांबवू शकतो. गोदाम रिकामे झाले की त्यास बोलणी करावीच लागतात, हे आम्ही चळवळीतील माणसे जाणतो. टेक्सासचे रेलरोड कमिशन विहिरींच्या उत्पादनावर मर्यादा घालीत असे, त्यामुळे अमेरिकेच्या हाती राखीव शक्ती राही. १९६७ ची अरब तेलबंदी तिच्या बळावर निभावली. १९७२ साली मर्यादा उठली, राखीव संपली. १९७३ साली पुन्हा तेलबंदी झाली, आणि पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरांवरून काही महिन्यांत ११ डॉलरांवर गेला. ज्यांनी कधी मोटार पाळली नाही, त्या आपल्या चाळींतील स्टोव्हपर्यंत त्याची झळ पोहोचली.

मग हबर्ट सर्वस्वी खरा ठरला काय? नाही. जगाचे शिखर २००० च्या सुमारास, वर्षाला १२५० कोटी पिंपांवर येईल, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या वर्षी त्याच्या दुपटीहून अधिक तेल निघाले. अमेरिकेचे उत्पादन २००८ साली रोज ५० लाखांपर्यंत घसरले होते. पुढे कठीण खडक पाण्याच्या दाबाने फोडून तेल काढणे सुरू झाले. २०१८ साली जुना उच्चांक मोडला व २०२३ साली उत्पादन १ कोटी २९ लाखांवर गेले.

तथापि अशा विहिरी एक-दोन वर्षांतच ओसरतात. सतत नव्या खणाव्या लागतात, आणि त्यास भांडवल व चढा भाव लागतो. साध्या विहिरींच्या तेलाने २००६ सालीच शिखर गाठले, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० साली म्हटले होते.

म्हणून माझे उत्तर असे: एकंदर तेलाचे शिखर झाले, असे आज म्हणता येत नाही, परंतु सुलभ तेलाचे दिवस सरले आहेत. शेवटचा थेंब केव्हा निघेल, याची चिंता आपण करू नये. राखीव शक्ती कोणाच्या हाती आहे आणि वाढत्या भावाचा बोजा कोणावर टाकला जाणार, हे मात्र आपण आजच विचारले पाहिजे. १९७३ साली ते विचारण्यास उशीर झाला होता.