सेगांवचें सेवाग्राम आणि घरांतील नवे पत्ते

वर्ध्यापासून सुमारें ८ किलोमीटरांवर सेगांव नांवाचें एक खेडें होतें. १९३६ सालच्या एप्रिलच्या ३० तारखेस महात्मा गांधी तेथें राहावयास गेले, आणि ज्या खेड्याचें नांव तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें, त्याच्या पत्त्यावर देशोदेशींचें टपाल येऊं लागलें. तथापि तें वारंवार भलतीकडेच जाई. नागपूर-भुसावळ लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यांत, गजानन महाराजांच्या समाधीमुळें सर्वतोमुखीं झालेलें शेगांव आहे. मराठींत 'से' आणि 'शे' हा भेद कानाला कळतो. इंग्रजी लिपींत तो एका अक्षरापुरताच उरतो, आणि घाईंत लिहिलेल्या लिफाफ्यावर तेवढाहि उरत नाहीं. टपालखात्याला तरी काय दोष द्यावा? अखेर १९४० सालीं सेगांवचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. या नामांतरांत ध्येयवाद होता हें खरेंच. पण त्याच्या मुळाशीं टपालाचा घोटाळा होता, ही गोष्ट आतां बहुतेकांच्या विस्मरणांत गेली आहे.

आज त्याच जिल्ह्यांतील घराघरांतून पत्त्याचा निराळाच घोटाळा आढळतो. वर्धा शहरांतील एखाद्या घरीं संध्याकाळीं इंटरनेट संथ चालतें म्हणून मुलगा राउटरचें पान उघडतो. जोडलेल्या उपकरणांची यादी त्यावर असते. पहिल्या तीन ओळी ओळखीच्या : १९२.१६८.१ असा आरंभ आणि शेवटीं एखादी लहान संख्या. चौथी ओळ मात्र हातभर लांब. तींत आंकडे आणि इंग्रजी अक्षरें यांची सरमिसळ, मधून मधून अपूर्णविराम. आजोबा चष्मा सांवरून विचारतात, "हा कोण शिरला आपल्या घरांत?" मग कोणी घाईनें संकेतशब्द बदलतो, कोणी ती नवी सोयच बंद करून टाकतो. ही भीति बहुधा अनाठायीं असते. ती कां, हें समजण्यासाठीं पत्त्यांचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

१९७२ सालच्या १५ ऑगस्ट रोजीं भारतीय टपालखात्यानें सहा अंकी पिनकोड सुरू केला. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. टपालखात्यांतील मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवि. नांवांत घोटाळा होतो, तर प्रत्येक ठिकाणाला एक संख्या द्यावी, आणि ती संख्या मोठ्या प्रदेशाकडून लहान ठिकाणाकडे नेणारी असावी, अशी ती कल्पना. आज सेवाग्रामचा क्रमांक ४४२१०२ आहे आणि शेगांवचा ४४४२०३. तिसऱ्या अंकापाशींच दोन्ही वाटा फुटतात. १९३६ सालीं ही सोय असती, तर सेगांव कदाचित् सेगांवच राहतें.

इंटरनेटचा पत्ताहि असाच मोठ्याकडून लहानाकडे जाणारा आहे. १९८१ सालच्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रानें तो ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणांचा, ठरविला. त्यांतून सुमारें ४२९ कोटी पत्ते होतात. त्या वेळीं जाळ्याला जोडलेलीं यंत्रें मोजकीं, तींहि बहुतेक विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत. हें अक्षय्यपात्र कधीं रितें होईल असें फारसें कोणास वाटलें नसल्यास नवल नाहीं. भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें झालें १९९५ सालच्या १५ ऑगस्टला, योगायोगानें पिनकोडच्याच तारखेस. तोंवर जाणत्यांना तुटवड्याची चिंता लागून राहिली होती.

तात्पुरता उपाय म्हणून जें योजण्यांत आलें, तें जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना चटकन् उमजेल. वाड्यांत बिऱ्हाडें दहा. टपाल येई तें वाड्याच्या नांवावर, आणि देवडीवरचा माणूस तें ज्याचें त्याला पोंचतें करी. घरांतील राउटर हा तो देवडीवरचा माणूस. बाहेर सगळ्या घराचा पत्ता एकच. आंत प्रत्येक उपकरणाला एक घरगुती क्रमांक. १९२.१६८ नें आरंभ होणारे क्रमांक १९९६ सालच्या एका नियमपत्रानें अशा खासगी वापरासाठीं राखून ठेवले आहेत. म्हणून वर्ध्यांतल्या घरीं १९२.१६८.१.१ असतो, तोच पुण्यांत असतो आणि लंडनमध्यें राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरींहि असूं शकतो. महाराष्ट्रांत वडगांवें थोडीं का आहेत! परंतु वाड्याबाहेरच्या कोणास नेमक्या एका बिऱ्हाडाचें दार ठोठवावयाचें झाल्यास या व्यवस्थेंत पंचाईत होते.

उपाय तात्पुरता तो तात्पुरताच ठरला. २०११ सालच्या ३ फेब्रुवारीस जागतिक कोठारांतील शेवटचे पांच गट वांटले गेले, आणि १५ एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागाच्या कोठारानें हात आंखडता घेतला. नवी पद्धति मात्र १९९५ सालींच आंखून तयार होती. जुनी चौथी आवृत्ति, ही सहावी. पांचवा क्रमांक एका प्रयोगानें आधींच घेतला होता. सहाव्या आवृत्तींतील पत्ता १२८ बिटांचा आहे. त्यांतून होणाऱ्या पत्त्यांची संख्या लिहावयाची तर ३९ अंक मांडावे लागतात.

एवढी मोठी संख्या आपल्या दहाच्या हिशेबानें लिहिणें गैरसोयीचें, म्हणून ती सोळाच्या हिशेबानें लिहितात. ज्यांनीं १९५७ पूर्वींचे आणे-पै वापरले आहेत त्यांना यांत नवल वाटूं नये. पंधरापर्यंत आणे, सोळावा झाला कीं रुपया. फरक इतकाच कीं, दहा ते पंधरा या संख्यांना एकेक चिन्ह हवें म्हणून इंग्रजी 'ए'पासून 'एफ'पर्यंतचीं सहा अक्षरें घेतलीं आहेत. चार-चार चिन्हांचे आठ गट, मध्यें अपूर्णविराम. गटाच्या आरंभींचीं शून्यें गाळतात; आणि सलग शून्यांचे गट आल्यास त्यांच्या जागीं दोन अपूर्णविराम मांडतात, मात्र एका पत्त्यांत एकदांच. म्हणून २००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:००००:०००७ हा लांबलचक पत्ता २००१:डीबी८::७ इतकाच उरतो. पहिला अर्धा भाग बहुधा घराचा, दुसरा घरांतील उपकरणाचा.

आरंभ पाहिला कीं बरेंचसें कळतें. 'एफई८०' हा आरंभ असेल तर तो पत्ता घराचा उंबरठा ओलांडीतच नाहीं. घरोघरीं एक 'ताई' असते. घरांत ती हांक पुरते, पण तेवढें नांव लिफाफ्यावर घालून पत्र पोंचत नाहीं, तसाच हा प्रकार. 'एफडी' हा आरंभहि खासगीच. २४० असा आरंभ दिसला तर तो बहुधा आशिया-पॅसिफिक विभागाच्या वांट्यांतून आलेला, जगांत कोठूनहि सांपडणारा पत्ता होय.

एकाच उपकरणाला असे दोन-तीन पत्ते असणें हें नित्याचें आहे, आणि घोटाळ्याचें मुख्य कारण तेंच. आरंभीं पत्त्याचा मागचा भाग उपकरणाच्या कारखान्यांतील क्रमांकावरून बनवीत. त्यामुळें कपाळावर गोंदल्याप्रमाणें तें कोठेंहि ओळखूं येई. २००१ सालीं यावर तोड निघाली : उपकरणानें यदृच्छेनें निवडलेला पत्ता कांहीं काळ वापरावा आणि मग टाकून द्यावा. घरांतला मोबाईल यादींत काल एका नांवानें होता, आज दुसऱ्या नांवानें दिसतो, तो यामुळें.

खरी काळजी करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. वाड्याच्या देवडीमुळें अनोळखी पाहुणा सहसा बाहेरच अडे. तो पहारा मुद्दाम बसविलेला नव्हता, व्यवस्थेच्या ओघानें मिळालेला होता. नव्या पद्धतींत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा जगजाहीर पत्ता मिळतो, तेव्हां दारावर पहारेकरी मुद्दाम नेमावा लागतो. बहुतेक राउटरांत तो नेमलेला असतो. तो जागा आहे ना, हें पाहणें घरधन्याचें काम. नवी सोय बंद करण्यापेक्षां ही एक खूण तपासण्यांत कमी वेळ जातो, पण भीतीच्या भरांत तें सुचत नाहीं.

वर्ध्याच्या त्या घरांत शेवटीं मुलगा एकेका उपकरणाची माहिती उघडून यादीशीं ताडून पाहतो. आईचा मोबाईल जुळतो, त्याचा स्वतःचा संगणक जुळतो. चौथी ओळ निघते बैठकींतल्या दूरदर्शनसंचाची. त्यावर आजोबांची सातची बातमी चालू असते.