मुक्त सामूहिक लेखनातील श्रेयनिर्देश

नकलणे, बदलणे व पुन्हा प्रसिद्ध करणे यांची मुभा लेखकांनी आधीच दिलेल्या सामूहिक लेखनाचा पुनर्वापर करताना, त्या लेखकांचा उल्लेख करण्याच्या दायित्वास श्रेयनिर्देश म्हणतात. अशा लेखनात लेखक मोबदला घेत नाही. मात्र श्रेयाचा हक्क तो सोडत नाही. मुभा सशर्त असते आणि श्रेयनिर्देश ही तिची प्रमुख अट होय.

पारंपरिक विश्वकोशांत नोंदीखाली लेखकाचे नाव वा आद्याक्षरे देण्याची प्रथा होती. लेखक एक-दोनच असल्याने तीत अडचण नव्हती. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही स्थिती पालटली. तेथे एकेका नोंदीस शेकडो हात लागू लागले. विकिपीडियाने प्रारंभी स्वीकारलेला ग्नू मुक्त प्रलेखन परवाना (२०००) मुळात संगणकीय आज्ञावलींच्या माहितीपुस्तिकांसाठी रचलेला होता. सुधारित आवृत्तीच्या मुखपृष्ठावर किमान पाच प्रमुख लेखकांची नावे द्यावीत व बदलांचा इतिहास जतन करावा, अशी त्याची अट होती. परवान्याची संपूर्ण संहिताही सोबत छापावी लागे. छोट्या उताऱ्यासाठी हे ओझे फार होई.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत (२००२) श्रेयनिर्देश प्रथम ऐच्छिक होता. तथापि ९७ ते ९८ टक्के लेखक तोच पर्याय निवडतात असे आढळल्यावर २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तो सर्व प्रमुख परवान्यांत समाविष्ट झाला. फुकट देणाऱ्यासही आपले नाव हवे असते, हे यावरून स्पष्ट झाले.

मुद्रणातील अडचण २००८ मध्ये जर्मनीत प्रत्ययास आली. बर्टेल्समान प्रकाशनसमूहाने जर्मन विकिपीडियावरून एकखंडी कोश काढला, त्यात सु. ९०,००० योगदात्यांची नावे बारीक टाइपात छापावी लागली. पुढे २००९ मध्ये सु. १७,००० सदस्यांच्या मतदानात सु. तीन चतुर्थांश मते अनुकूल पडून विकिपीडियाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेयनिर्देश–समान वाटप’ परवाना स्वीकारला. तेव्हापासून मूळ नोंदीचा दुवा किंवा लेखकांची यादी यांपैकी काहीही दिले तरी चालते. यादीतून अगदी किरकोळ योगदाने वगळता येतात. मराठी विकिपीडियावरही (स्थापना २००३) इंग्रजी नोंदीचे भाषांतर करताना मूळ नोंदीचा निर्देश आवश्यक असतो.

दुव्याची सोय नोंदीच्या पृष्ठेतिहासावर अवलंबून आहे. कोणी, केव्हा, काय लिहिले याची टिपण त्यात असते. ती नष्ट झाल्यास दुवा निरर्थक ठरतो. शिवाय केवळ ‘विकिपीडियावरून’ असे म्हटल्याने प्रकल्पाचे नाव कळते, नोंद व तिचे लेखक कळत नाहीत. श्रेय गाळल्यास परवाना संपुष्टात येऊन पुनर्वापर हा स्वामित्वहक्काचा भंग ठरतो. चौथ्या आवृत्तीत (२०१३) चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केल्यास परवाना आपोआप पूर्ववत होतो. विकिपीडियाने ही आवृत्ती २०२३ मध्ये स्वीकारली. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने, आर्थिक हक्क सोडले तरी, कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा हक्क मान्य केला आहे. श्रेयनिर्देशाचे मोल केवळ सौजन्याचे नाही. मजकुराची सत्यता पडताळण्याची वाटही त्याच नोंदीतून जाते.