टेंडर कोण लिहितं?

"इंटरनेट अणुयुद्धात टिकावं म्हणून बनवलं", हे वाक्य आपण सगळ्यांनी कॉलेजात नेटवर्किंगच्या पहिल्याच लेक्चरला ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत प्रोटोकॉलपेक्षा टेंडरं जास्त आहेत, आणि मला तीच जास्त आवडते.

अणुयुद्धाचा विचार खरोखर केला होता तो रँड कॉर्पोरेशनच्या पॉल बॅरनने. अमेरिकेतलं फोनचं जाळं तेव्हा मोजक्या मोठ्या एक्स्चेंजवर उभं होतं. तीच उडवली तर सैन्य मुकं! बॅरन म्हणाला, कोळ्याच्या जाळ्यासारखं नेटवर्क विणा आणि संदेशाचे तुकडे करून मिळेल त्या वाटेने पाठवा. १९६४ मध्ये त्याने यावर ११ खंडांचा अहवाल लिहिला. एटी अँड टीच्या मंडळींनी तो उडवून लावला, पण १९६५ मध्ये हवाई दलाला पटला.

आता बनणार म्हणेपर्यंत पेंटॅगॉनने ठरवलं की हे काम डिफेन्स कम्युनिकेशन्स एजन्सी करेल. तिथली माणसं अ‍ॅनालॉग टेलिफोनमध्ये मुरलेली, डिजिटलचा गंध नाही. मग बॅरनने काय केलं? स्वतःच हवाई दलाला सांगितलं, हे थांबवा. त्याचा हिशोब साधा होता. अर्धवट ज्ञानावर बांधलेलं नेटवर्क फसलं असतं, तर लोकांनी कंत्राटाला नाही, कल्पनेलाच नावं ठेवली असती. आणि मग पुढची कित्येक वर्षं कोणी तिला हात लावला नसता.

तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच संरक्षण खात्याच्या 'अर्पा' या छोट्या संशोधन शाखेने १४० कंपन्यांकडून कोटेशन मागवलं. इथे हेतू अणुयुद्धाचा नव्हता. विद्यापीठांतले महागडे कॉम्प्युटर सगळ्यांना वाटून वापरता यावेत, एवढंच. पण टेंडर लिहिणारा होता लॅरी रॉबर्ट्स. या माणसाने १९६५ मध्येच दोन लांबचे कॉम्प्युटर फोन लाइनवरून जोडून पाहिले होते. त्यामुळे काय मागायचं आणि काय मोकळं सोडायचं, हे त्याला नेमकं कळत होतं. ५० किलोबिटच्या लाइन्स, अर्ध्या सेकंदाच्या आत संदेश पोचला पाहिजे, सुरुवातीला फक्त चार ठिकाणं. आतलं राउटिंग कसं करायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

आयबीएम आणि कंट्रोल डेटा यांनी बोलीच लावली नाही. काम मिळालं बीबीएनला. ही मूळची सभागृहांच्या ध्वनिरचनेचा सल्ला देणारी कंपनी! फ्रँक हार्टच्या मूठभर लोकांनी हनीवेलचा डीडीपी-५१६ घेतला, १२ हजार शब्दांच्या मेमरीत सगळं बसवलं, आणि ऑगस्ट १९६९ च्या अखेरीस पहिलं यंत्र लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोचवलं. काम सुरू झाल्यापासून जेमतेम आठ महिने. २९ ऑक्टोबरला 'लॉगिन' टाइप करताना दोन अक्षरांनंतर पलीकडची सिस्टिम कोसळली, पण नेटवर्क चालत होतं.

सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही हं. या यंत्रांचा सोर्स कोड द्यायला बीबीएन तयार नव्हती. कोड सरकारी पैशातून लिहिलेला, तेव्हा तो द्या, असा आग्रह अर्पाला धरावा लागला. सोर्स कोड कोणाचा, हे भांडण आपल्या इंडस्ट्रीइतकंच जुनं आहे तर!

१९७५ मध्ये अर्पानेट चालवायला गेलं ते बॅरनला नको असलेल्या त्याच एजन्सीकडे. एजन्सीला स्वतःचं मोठं लष्करी नेटवर्क हवंच होतं. १९७६ मध्ये 'ऑटोडिन २'चं कंत्राट वेस्टर्न युनियनला गेलं. १९८२ मध्ये ते रद्द झालं आणि त्याऐवजी निवडलं गेलं ते अर्पानेटचंच तंत्रज्ञान. १९८३ मध्ये अर्पानेटमधून लष्करी भाग वेगळा काढून 'मिलनेट' झालं.

आता न्यायाने बोलायचं तर ही तुलना पूर्ण सरळ नाही. अर्पानेट म्हणजे समजूतदार संशोधकांचं खेळणं होतं, बंद पडलं तर थोडी कुरकुर व्हायची. ऑटोडिनवर गुप्त संदेश जाणार होते, तिथे सुरक्षेच्या अटी फार कडक. तरीही एक फरक उरतोच. खातं एक, तंत्रज्ञान जवळपास एक, पैसा एकाच तिजोरीतला. रॉबर्ट्स ठेकेदाराच्या उत्तरातली खोट ओळखू शकत होता. शिवाय पहिली ऑर्डर चारच यंत्रांची, म्हणजे चूक झाली असती तरी ती परवडली असती.

आपल्याकडे क्लायंटचं तीनशे पानी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट येतं, तेव्हा आपण आधी डेडलाइन बघतो. मी हल्ली आधी ते कोणी लिहिलंय हे बघतो. त्या माणसाने असं काही एकदा तरी स्वतःच्या हाताने केलं असेल, तर प्रोजेक्ट बहुतेक निभावतो. नसेल, तर बॅरनसारखं "आत्ता नको" म्हणता यायला हवं. आपलीच लाडकी कल्पना असेल तर ते फार जड जातं, पण त्याच्या कल्पनेला चारच वर्षांत दुसऱ्यांच्या हातून चांगला जन्म मिळाला.

असो. सोमवारी एक डॉक्युमेंट रिव्ह्यूला आहेच!