लायसन्स आहे, पण कोणत्या गाडीचं?

चौकात शिट्टी वाजते, हवालदार हात आडवा करतात आणि विचारतात, "लायसन्स?" आपण खिशातून कार्ड काढून पुढे करतो आणि सुटलो असं समजतो. कायदा मात्र तेवढ्यावर थांबत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो : आत्ता ज्या गाडीवर तुम्ही बसला आहात, ती चालवण्याची नोंद या लायसन्सवर आहे का? मोटारीचं लायसन्स खिशात ठेवून मुलाची मोटारसायकल घेऊन मंडईत जाणारे गृहस्थ, बिनगिअरच्या दुचाकीच्या लायसन्सवर मित्राची गिअरवाली गाडी पळवणारा कॉलेजकुमार, असे कितीतरी लोक आपल्या ओळखीत असतात. लायसन्स आहे, पण त्या गाडीचं नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या गाडीपुरते ते बिनलायसन्सचेच.

ही वर्गवारी आली कुठून, आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा काय होत आली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपल्या मोटार कायद्याचं मूळ तिथलं. तिथे १९०३ साली मोटारकार कायदा झाला आणि चालकाला लायसन्स सक्तीचं झालं. पाच शिलिंग भरले की लायसन्स मिळे. गाडी चालवता येते की नाही, हे कोणी पाहत नसे. चाचणी नावाचा प्रकारच नव्हता. वयाची अट होती, तीही गंमतीची : मोटारीसाठी १७ वर्षं आणि मोटारसायकलसाठी फक्त १४. दोन चाकांचं यंत्र म्हणजे सायकलचीच पुढची पायरी, असा तेव्हाचा समज असावा. गुन्हा केला तर न्यायालय त्याची नोंद लायसन्सवरच करायला लावी. इंग्रजीत 'एन्डॉर्समेंट' म्हणतात ती ही. शब्दशः, कागदाच्या पाठीवर मारलेला शेरा. तिथे हा शब्द गुन्ह्याशी जोडला गेला, तर आपल्याकडे 'अमुक वर्गाची गाडी चालवण्याची मुभा' या अर्थाने तो रुळला. चाचणीची सक्ती तिथे १९३५च्या जून महिन्यात आली. तोवर तीन दशकं माणसं न शिकता, न परीक्षा देता कायदेशीरपणे गाड्या चालवत होती.

आपल्याकडे सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला. रस्त्यावर मोटारी मोजक्या, त्याही संस्थानिकांच्या, साहेबांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या. पुढच्या पंचवीस वर्षांत बस आली, ट्रक आला, भाड्याची टॅक्सी आली आणि पगारी ड्रायव्हर नावाचा नवा व्यवसाय उभा राहिला. मग १९३९चा कायदा आला. त्याने मूळ मसुद्यात १८ वर्षांखालील कोणालाही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला मनाई केली, चालकाची चाचणी ठरवून दिली आणि एक महत्त्वाचं तत्त्व घातलं : पगार घेऊन गाडी चालवायची असेल किंवा प्रवासी वाहन चालवायचं असेल, तर लायसन्सवर तशी खास मुभा हवी. नुसतं गाडी चालवता येणं पुरेसं नाही. कोणती गाडी आणि कशासाठी, हे लिहिलेलं पाहिजे. आपल्या लायसन्सवरच्या शेऱ्याची परंपरा इथून पक्की झाली.

याच कायद्यात आणखी एक प्रकरण होतं, अपघातग्रस्त तिऱ्हाइताच्या विम्याचं. कायदा १ जुलै १९३९ला लागू झाला, दोन महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि विम्याचं हे प्रकरण प्रत्यक्षात यायला १ जुलै १९४६ उजाडला. त्यात विमा कंपनीला एक बचाव दिलेला होता : चालक योग्य लायसन्सधारक नसेल, तर कंपनी भरपाई नाकारू शकते. त्या वेळी हे कलम कोणाच्या डोळ्यांत भरलं नसेल. पण पुढे चुकीच्या लायसन्सची खरी किंमत इथेच वसूल होणार होती.

आता आपल्या दारातल्या गाड्यांकडे येऊ. १९७२ हे साल महाराष्ट्राच्या दुचाकींच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी बजाजची चेतक आली आणि फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूनाही आली. चेतक म्हणजे डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवत गिअर टाकायची भारदस्त स्कूटर. लूना म्हणजे ५० सीसीचं, पायडल असलेलं, शाळामास्तरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांना परवडणारं वाहन. पुढे १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली, जवळजवळ १०० सीसीची आणि तरीही बिनगिअरची. साडी नेसलेल्या बाईला, गुडघेदुखीच्या आजोबांना आणि दहावी झालेल्या पोराला, सगळ्यांनाच ती सोयीची वाटली.

कायद्याच्या भाषेत मात्र लूना, चेतक आणि बुलेट या तिघींना एकच शब्द आहे : मोटारसायकल. १९८८च्या मोटार वाहन कायद्याची व्याख्या दोन चाकी मोटार वाहन अशी आहे. सुटी साइड-कार जोडली तरी ती मोटारसायकलच. या एका शब्दाचे लायसन्सपुरते दोन वर्ग केले गेले : गिअर असलेली आणि गिअर नसलेली. हा भेद कागदी नाही. बिनगिअरच्या गाडीला मूठ पिळली की ती निघते. गिअरवालीला हात, पाय आणि कान यांचा मेळ बसावा लागतो. चढावर क्लच चुकला तर गाडी बंद पडते, घाबरून सोडला तर उडी मारते. म्हणून गिअरवालीची चाचणी दिलेल्याला बिनगिअरची चालवता येते. उलट चालत नाही. मोटारीचं लायसन्स तर दुचाकीसाठी अजिबात चालत नाही.

१ जुलै १९८९पासून हा कायदा अमलात आला. त्यात १६ वर्षांच्या मुलांना बिनगिअरची मोटारसायकल चालवायला परवानगी होती. कायदा करणाऱ्यांच्या मनात कदाचित लूना असेल. पण शब्दांप्रमाणे कायनेटिक होंडाही त्यात बसत होती. दहावी पास झालेली मुलं जवळजवळ १०० सीसीच्या गाड्यांवर कायदेशीरपणे फिरू लागली. १९९४च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. 'बिनगिअरची' हे शब्द गेले आणि 'इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं नसलेली' असे शब्द आले.

इथून खरी गुंतागुंत सुरू झाली, कारण कायदा ५० सीसीवर थांबला आणि बाजार पुढे निघून गेला. २००१मध्ये शंभर सीसीवरची ॲक्टिव्हा आली, तिच्या पाठोपाठ तशाच गाड्यांची रांग लागली, आणि ५० सीसीची पेट्रोलवरची गाडी आज दुकानात शोधूनही जवळपास सापडत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला लायसन्स मिळू शकतं, पण ते ज्या गाडीसाठी आहे ती गाडीच नाही! मग होतं काय, तर मुलगा किंवा मुलगी ते लायसन्स घेते आणि घरातली ११० सीसीची स्कूटर क्लासला नेते. आईबाबा शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्याकडे लायसन्स काढलंय हो, तसं नाही चालवू देत." तसंच चाललेलं असतं.

आता शिक्षेकडे वळू. १९८८च्या कायद्यात योग्य लायसन्सशिवाय गाडी चालवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद होती. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला १,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे मालकाचा दंड चालकाच्या दुप्पट. किल्ली देणाऱ्याची जबाबदारी कायद्याने मोठी मानली. पण महागाई वाढत गेली आणि पाचशे रुपये तिथेच राहिले. तीस वर्षांत पाचशेची जरब उरली नाही.

२०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. १ सप्टेंबर २०१९पासून चालकाचा दंड ५,००० रुपये झाला आणि मालकाचाही तेवढाच. देशभर आरडाओरडा झाला. गुजरातने लगेच अनेक दंड कमी केले. महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवून केंद्राकडे फेरविचाराची मागणी केली. वाढीव दंड आपल्याकडे प्रत्यक्ष लागू झाले ते डिसेंबर २०२१मध्ये.

याच दुरुस्तीत अल्पवयीन चालकांविषयी नवं कलम आलं, आणि ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावं असं आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे पालकाने सिद्ध करायचं. मुलाकडे शिकाऊ किंवा पक्कं लायसन्स असेल तर पालकाला या कलमातून सूट आहे. पण त्या सुटीला एक शेपूट आहे. मुलगा जी गाडी चालवत होता, ती चालवण्याचं ते लायसन्स हवं. म्हणजे ५० सीसीच्या लायसन्सवर ११० सीसीची स्कूटर नेली, तर जी ढाल आपल्याजवळ आहे असं आईबाबा समजतात, ती ऐन वेळी हातात नसते.

मघाशी मी विम्याचा उल्लेख केला. दंड कितीही वाढला तरी तो एकदा भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला आणि कोणी दगावलं, तर भरपाईचे आकडे लाखांत जातात. तिथे कंपनीचा वकील उठतो आणि म्हणतो, चालकाकडे या वर्गाच्या गाडीचं लायसन्स नव्हतं. पूर्वी या एका वाक्यावर निराधार झालेल्या कुटुंबाचा दावा अडकून पडण्याची भीती असे. सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या जानेवारीत एका महत्त्वाच्या निकालात याची सविस्तर छाननी केली. न्यायालयाने सांगितलं, की अटीचा भंग झाला हे कंपनीने सिद्ध केलं पाहिजे. चालकाकडे एका प्रकारच्या गाडीचं लायसन्स असून तो दुसऱ्या प्रकारची गाडी चालवत असेल, तर त्या उणिवेमुळे अपघात घडला का, हे पुराव्यावरून पाहिलं पाहिजे. या चर्चेत बिनगिअरच्या मोटारसायकलच्या लायसन्सचाही उल्लेख आहे. आणि भंग सिद्ध झाला तरी, कंपनीने आधी अपघातग्रस्ताला पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग या निकालाने पक्का केला.

न्याय म्हणून हे योग्यच झालं. रस्त्याने चाललेल्या माणसाला, समोरून येणाऱ्याच्या लायसन्सवर काय लिहिलंय हे कसं कळणार? पण 'वसूल करावेत' या दोन शब्दांचा अर्थ गाडीमालकाने नीट समजून घ्यावा. ती वसुली त्याच्या घरातून, शेतातून, बचतीतून व्हायची असते. शिवाय मालक स्वतःच गाडी चालवताना गेला, तर त्याच्या वारसांसाठी वैयक्तिक अपघात विमा असतो; २०१८मध्ये ती रक्कम १५ लाख करण्यात आली. त्यासाठीही अट तीच : मालकाकडे वैध लायसन्स हवं.

वर्गवारीचा वाद अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर हलकं व्यावसायिक वाहन चालवता येतं का, त्यासाठी वेगळा शेरा लागतो का, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ला निकाल दिला, की ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाच्या अशा वाहनाला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या असंख्य चालकांना त्याने दिलासा मिळाला. मोटारसायकलची वर्गवारी मात्र होती तशीच आहे.

आता विजेच्या दुचाकी आल्या आहेत आणि जुना प्रश्न नव्या रूपात उभा आहे. ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असणारी, नियमांत बसणारी विजेची दुचाकी कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला लायसन्स लागत नाही. पण तीच गाडी गॅरेजमध्ये नेऊन तिचा वेग वाढवून घेतला, की ती मोटार वाहन होते आणि वर सांगितलेलं सगळं तिला लागू होतं. २०२४मध्ये आपली लूनासुद्धा विजेवर परत आली. तिचा वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे ती या सवलतीत बसत नाही.

सरकारी मराठीत लायसन्सला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. शब्द जड आहे, काम तितकं जड नाही. असलेल्या लायसन्सवर नवा वर्ग वाढवून घेता येतो. त्या वर्गाचं शिकाऊ लायसन्स काढायचं, ते सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर चाचणी द्यायची. शिकत असताना पुढेमागे लाल 'एल' लावायचा आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणाला बसवायचं नाही. तेव्हा आज संध्याकाळी घरातली सगळी लायसन्सं टेबलावर काढा, वर्गाची ओळ वाचा आणि दारात उभ्या असलेल्या गाड्यांशी ताडून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)