लघवी किती झाली?



परवा जुना ट्रंक आवरताना ताईचा परकरी वयातला फोटो सापडला, आणि दिवसभर तिचाच विचार डोक्यात राहिला. आज थोडं त्याबद्दल, थोडं इतिहासाबद्दल. (इतिहासाची शिक्षिका, दुसरं काय लिहिणार!)

१९६८ च्या पावसाळ्यात ताईला जुलाब-उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी त्या थांबल्या, आईनं देवापुढे साखर ठेवली. पण ताईला लघवी होईना. तोंड सुजलं, मग ती सारखी झोपेतच राहू लागली. आठवड्याच्या आत ती गेली. लोक म्हणाले, "जुलाबानं गेली." ते अर्धंच खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं. अंगातलं पाणी संपलं आणि मूत्रपिंडं बंद पडली, असंच ते असणार.

या दुखण्याचा इतिहास मी अलीकडे वाचून काढला. १९४०-४१ मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून काढलेली काही माणसं सुरुवातीला बरी वाटायची, पण मग लघवी कमी होत जाऊन काही दिवसांत दगावायची. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये अशा चार रुग्णांची नोंद छापली. चिरडलेल्या स्नायूंचा परिणाम थेट मूत्रपिंडांवर होत होता.

त्याच सुमारास जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन गावी, विलेम कोल्फ हे डॉक्टर लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त शुद्ध करायचं यंत्र बनवत होते. नळी कसली, तर सॉसेजच्या वेष्टणाची! १९४३ पासून वापर सुरू झाला, पण सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली. ती नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत होती. डॉक्टरांनी तिलाही वाचवलं, हे मला फार मोठं वाटतं. बंद पडलेली मूत्रपिंडं पुन्हा चालू होऊ शकतात, फक्त तोवर माणूस तगवायला हवा, हे यातून सिद्ध झालं. युद्धानंतर कोल्फ यांनी आपली यंत्रं इतर देशांतल्या रुग्णालयांना देऊन टाकली. त्यातलं एक लंडनच्या हॅमरस्मिथला गेलं, जिथे बायवॉटर्स काम करत होते!

१९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. चिरडलेल्या रुग्णांसाठी जगभरातून मदत आली, पण मेळ कुणाचाच कुणाला नव्हता. त्यातून धडा घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपत्तीत धावून जाणारं पथक उभारलं. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपात ते कामी आलं.

पण ताईसारख्यांवर कुठला ढिगारा कोसळला होता? त्यांच्यासाठी २०१३ मध्ये त्याच संघटनेनं 'झीरो बाय ट्वेंटीफाइव्ह' ही मोहीम काढली. टाळता येण्याजोग्या अशा आजारानं, उपचारांविना, २०२५ पर्यंत एकही मृत्यू होऊ नये हा संकल्प. डॉ. रवींद्र मेहता हे त्यातलं प्रमुख नाव. २०१५ च्या त्यांच्या अहवालात जगात वर्षाला सुमारे १ कोटी ३३ लाख रुग्ण आणि १७ लाख मृत्यू असा अंदाज होता. गरीब देशांत अंगातलं पाणी कमी होणं हे मोठं कारण. मलावी, नेपाळ आणि बोलिव्हियात त्यांनी प्रयोग केला. साध्या आरोग्य केंद्रातच बोटातल्या थेंबभर रक्तावर क्रिएटिनिन तपासायचं आणि दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचा.

२०२५ ची मुदत होती, शून्य काही गाठता आलं नाही. संकल्प वाया गेला असं मात्र मला वाटत नाही. सुरुवात यंत्रापासून होतच नाही, ती एका प्रश्नापासून होते. आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. विचारायची लाज वाटायची, आणि त्याला महत्त्व आहे हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून माझ्या भाच्या-पुतण्यांनो, घरात कुणाला जुलाब, उलट्या, मोठा ताप झाला, किंवा साप चावला, तर ताप मोजता तसं हेही विचारा: "लघवी किती झाली?" कमी वाटली तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि अंगात पाणी नसताना मनानंच वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्या मूत्रपिंडांना आणखी घातक ठरतात.

ताईचा फोटो आता माझ्या टेबलावर ठेवला आहे. असो.