वाढता मेंदू आणि डोपामाइन

सहा-सात वर्षांचे एखादे मूल सकाळी उठते तेव्हा नेटके चालते, शाळेतही जाते. दुपार कलू लागली की त्याचे एक पाऊल आत वळते, टाच उचलली जाते, ते अडखळू लागते. संध्याकाळी तर आधाराशिवाय चालणेही त्याला अवघड होते. रात्रीची झोप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुन्हा पूर्ववत! अशा काही मुलांच्या कागदपत्रांवर 'सेरेब्रल पाल्सी' हे निदान वर्षानुवर्षे लिहिलेले असते आणि यावर औषध नाही असे समजून पालक मालिश व व्यायाम यांवरच समाधान मानतात. वस्तुतः या मुलांच्या मेंदूला कोणतीही इजा झालेली नसते. त्यांच्या मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन पुरेसे तयार होत नाही, एवढेच. ते ज्यापासून बनते ते लेव्होडोपा हे द्रव्य अल्प मात्रेत गोळीच्या रूपाने दिले, तर अनेकदा काही दिवसांतच मूल संध्याकाळीही चालू लागते.

जपानमधील बालमेंदूविकारतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला 'सेगावा विकार' म्हणतात. दिवसभराच्या हालचालींत मेंदूतील डोपामाइनचा तुटपुंजा साठा संपत जातो आणि झोपेत तो पुन्हा भरून निघतो. सकाळ-संध्याकाळच्या फरकाचे हे कारण होय. विकार दुर्मिळ आहे. पण तो ओळखला गेला नाही तर एक धडधाकट होऊ शकणारे मूल आयुष्यभर अपंग राहते. म्हणूनच जन्माच्या वेळी कोणतीही गुंतागुंत झाली नसताना आणि मेंदूचा एमआरआय निर्दोष असताना एखाद्या मुलात असा दोष दिसला, तर लेव्होडोपा देऊन पाहावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

'आनंदाचे रसायन' नव्हे

डोपामाइनची ओळख आपल्याला झाली ती मात्र 'आनंदाचे रसायन' म्हणून. मोबाइलचे व्यसन, गोडाची ओढ, समाजमाध्यमांवरील 'लाइक' या साऱ्यांच्या चर्चेत ते हमखास येते. 'डोपामाइन डिटॉक्स' नावाचे एक खूळही मध्यंतरी पसरले. जे द्रव्य शरीरातून काढून टाकले तर माणूस चालूही शकणार नाही, त्याचे 'शुद्धीकरण' करायला निघणे हे अज्ञानच म्हणावे लागेल.

हे रसायन म्हणजे चेतापेशींमधील एक संदेशवाहक आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी जेमतेम चार ते सहा लाख. त्या मुख्यतः मध्यमेंदूत एका लहानशा जागी दाटीने वसलेल्या असतात. पण त्यांच्या तंतूंचे जाळे दूरवर पसरलेले असते. एक वाट हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांकडे जाते, दुसरी इच्छा व प्रेरणा यांच्या केंद्रांकडे, तर तिसरी कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाकडे, जेथे लक्ष एकाग्र करणे, नियोजन करणे, मनाला आवर घालणे ही कामे होतात. रसायन एकच, पण ते कोणत्या वाटेवर आणि कोणत्या वयात कमी-अधिक झाले, यावर विकाराचे रूप ठरते.

त्याची निर्मिती होते ती आहारातील प्रथिनांतून मिळणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून. एक विकर टायरोसिनचे रूपांतर लेव्होडोपात करते, दुसरे लेव्होडोपाचे डोपामाइनमध्ये. यातील पहिल्या विकराला आपले काम करण्यासाठी लोहाची आवश्यकता असते. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. डोपामाइन रक्तातून थेट मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा मात्र शिरते. म्हणून औषध म्हणून दिले जाते ते लेव्होडोपा.

सर्पगंधेपासून सशांपर्यंत

या शोधाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे उन्माद, निद्रानाश यांवर पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी तेच रेसर्पिन सशांना टोचले. ससे निपचित झाले, त्यांचे कान खाली लोंबले. मग लेव्होडोपा देताच काही मिनिटांत ते पुन्हा हिंडू लागले! १९५७ सालच्या या प्रयोगापर्यंत डोपामाइन हा दुसऱ्या एका संप्रेरकाच्या निर्मितीतील केवळ मधला टप्पा समजला जात होता. तो स्वतंत्र संदेशवाहक आहे हे दाखवून दिल्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दरम्यान १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविझ व त्यांचे सहकारी एरिंगर यांनी पार्किन्सनच्या, म्हणजेच कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामाइनचा तीव्र अभाव असल्याचे सिद्ध केले होते.

योगायोग असा की, आयुर्वेदात वापरली जाणारी आणखी एक वनस्पती, खाजकुयली, हिच्या बियांत प्रत्यक्ष लेव्होडोपाच असते. अर्थात, म्हणून कोणी तिची पूड स्वतःच्या मनाने घेऊ नये. मात्रेचा अंदाज चुकल्यास अपाय होतो.

गर्भातील आरंभ

गर्भ सहा ते आठ आठवड्यांचा असतानाच डोपामाइनच्या पेशी दिसू लागतात. इतर पेशींशी त्यांच्या जोडण्या व्हायला पुष्कळ अवकाश असतो, तरी हे रसायन आणि त्याचे संदेश झेलणारे ग्राहक तेथे हजर असतात. उंदरांवरील अभ्यासांत असे दिसले आहे की, नव्याने जन्मलेल्या चेतापेशी आपल्या मुक्कामाच्या जागी स्थलांतर करतात तेव्हा एका प्रकारचे ग्राहक त्यांचा वेग वाढवतात, तर दुसऱ्या प्रकारचे तो रोखतात.

मग डोपामाइन मुळीच नसेल तर मेंदू घडेलच कसा? रिचर्ड पाल्मिटर यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९९५ मध्ये डोपामाइन तयारच करू न शकणारे उंदीर निर्माण करण्यात आले. ते जन्मतः जवळजवळ सामान्य दिसत आणि त्यांच्या मेंदूची ढोबळ रचनाही ठीक होती. परंतु पुढील काही आठवड्यांत ते हालचाल सोडून देत आणि अन्न जवळ असूनही उपाशी मरत. लेव्होडोपा दिले की काही तास खात, पुन्हा थांबत. म्हणजे इमारत डोपामाइनशिवायही उभी राहिली, पण तिच्यात राहायला कोणी आले नाही, असेच म्हणावे लागेल.

मानवी बालकांतील याच्याशी मिळताजुळता विकार म्हणजे दुसऱ्या विकराचा, एएडीसीचा, जन्मजात अभाव. हे बाळ मान धरत नाही, अंग लुळे असते, आणि अधूनमधून तासन्‌तास त्याचे डोळे वर खेचले जातात. पालकांना व कित्येकदा डॉक्टरांनाही ते अपस्माराचे झटके वाटतात. येथे लेव्होडोपाचा उपयोग नाही, कारण त्याचे डोपामाइन करणारे विकरच नसते. या विकारावर आता जनुक उपचार निघाला असून, निर्धोक केलेल्या विषाणूच्या साहाय्याने योग्य जनुक शस्त्रक्रियेद्वारे थेट मेंदूत सोडले जाते. युरोपात २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. कधीही मान न सावरलेली मुले या उपचारानंतर बसू लागली, काही आधाराने पावलेही टाकू लागली. जितक्या लहान वयात उपचार, तितका लाभ अधिक, असाही अनुभव आहे. किंमत मात्र कोट्यवधी रुपयांच्या घरात!

दुर्मिळ नसलेली उणीव

परंतु सर्वसामान्य घरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो लोहाचा प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. देशाचे प्रमाण ६७.१ टक्के होते. सारा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेनेच होतो असे नाही. तरी तिचा वाटा मोठा आहे. रक्तक्षय म्हटले की आपल्याला फिकट चेहरा व थकवा आठवतो. मेंदू आठवत नाही. लोहाची उणीव असलेल्या प्राण्यांच्या पिल्लांत डोपामाइनच्या यंत्रणेत बदल होतात आणि ते नंतर लोह देऊनही पूर्णपणे भरून येत नाहीत. बालकांच्या अभ्यासात डोळ्यांची उघडझाप मंदावलेली दिसली. ही उघडझाप डोपामाइनवर अवलंबून असते. बेट्सी लोझॉफ या बालरोगतज्ज्ञ संशोधिकेने कोस्टारिकातील बालकांचा पंचविशीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा तान्हेपणी दीर्घकाळ लोहाची कमतरता असलेली मुले शिक्षणात मागे पडल्याचे दिसले. यात गरिबीसारख्या इतर कारणांचाही भाग असू शकतो, हे मान्य. तरीही पहिल्या दोन वर्षांतील ही चूक नंतर सुधारणे कठीण जाते, एवढे पुरेसे स्पष्ट आहे. शासनाच्या 'अॅनिमिया मुक्त भारत' योजनेत या वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची तरतूद आहे. ते औषध बाळ थुंकते, शौचास काळे होते म्हणून ते बंद करणारी घरे कमी नाहीत. आणि त्याच घरांत बाळाला चहात बुडवलेले बिस्किट कौतुकाने भरवले जाते, जो चहा लोहाचे शोषण रोखतो.

शाळा आणि तारुण्य

शाळकरी वयात डोपामाइनचे नाव घेतले जाते ते अतिचंचलता व अवधानाचा अभाव, अर्थात एडीएचडीच्या संदर्भात. त्यावरील मिथिलफेनिडेट हे औषध चेतापेशींच्या सांध्यात डोपामाइन अधिक काळ टिकवते. हे औषधही सिबातच, १९४४ मध्ये तयार झाले. मात्र औषध लागू पडते म्हणून 'या मुलांत डोपामाइन कमी असते' असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही; पुरावा संमिश्र आहे. अमेरिकेतील २००७ च्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्यकाची वाढ सुमारे तीन वर्षे उशिराने होत असल्याचे आढळले. क्रम तोच, गती मंद. प्रत्येक खोडकर मुलाला हे लेबल चिकटवणे जसे अयोग्य, तसेच खरोखरच त्रस्त असलेल्या मुलाला 'शिस्त नाही' म्हणून बडवणेही.

'देवराई' या २००४ च्या चित्रपटामुळे मराठी घरांत पोहोचलेला स्किझोफ्रेनिया बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रकट होतो. त्यात मेंदूच्या आतल्या भागात डोपामाइनची निर्मिती वाढलेली आढळते आणि बहुतेक औषधे त्याचे ग्राहक अडवतात. तथापि त्याची मुळे पुष्कळ आधीची असावीत. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा गर्भात असलेल्या मुलांत पुढे या विकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. प्रीफ्रंटल भागाकडे जाणारे डोपामाइनचे तंतू किशोरवयातही वाढत असतात, असे प्राण्यांत दिसते. म्हणजे आधीचा दोष या वयात उघडा पडत असावा, असा एक तर्क आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक नवे औषध डोपामाइनच्या ग्राहकांना थेट हातही लावत नाही, त्यामुळे या रसायनाभोवती फिरणारे स्पष्टीकरण अपुरे आहे हेही उघड झाले.

वार्धक्यातील पार्किन्सनमध्ये देतात ते औषध लेव्होडोपाच. तेथे डोपामाइनच्या पेशीच नष्ट होत जातात. म्हणून काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर ओसरतो, अंगाला अनावर हिसके बसू लागतात. सेगावा विकाराच्या मुलात पेशी शाबूत असतात, फक्त त्यांना माल मिळत नसतो. त्यामुळे तीच गोळी, तीही थोड्या मात्रेत, त्याला पुढील अनेक दशके पुरते.